नवतपा, बोंडलं आणि पाण्याचा उलटा हिशेब

माझं काम पाणी तपासायचं. एका खासगी प्रयोगशाळेत रोज नमुन्याच्या बाटल्यांवर नंबर टाकते, क्लोरीन बघते, जंतू वाढतात का ते बघते. पाच दिवसांच्या माझ्याच पोरीला पाणी पाजायचं की नाही, यावरून घरात महाभारत होईल असं कुणी सांगितलं असतं, तर हसले असते.

२० मेला सिझेरियन झालं, २४ला मानेवाड्याच्या घरी आलो, २५ला नवतपा लागला, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. दुपारी नळ उघडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहासारखं येतं. अशा उन्हात इतवारीहून आत्याबाई आल्या (नवऱ्याची आत्या, वय ७४), पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं भांडं) काढलं आणि म्हणाल्या, "काहून वं, पोरीच्या घशाले कोरड पडून राहिली असंन! उकळून थंड केलेलं पाणी दे दोन चमचे. अन् बोटभर मध चाटव."

मधाला तिथंच नाही म्हटलं. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजले तर विष तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं. क्वचितच होतं, पण तेवढ्यासाठी कोण पैज लावेल? पाण्यापाशी मात्र मी अडखळले. पोरीचे ओठ खरंच कोरडे दिसत होते, आणि सासूबाईही आत्याबाईंच्या बाजूने झाल्या होत्या.

अडखळण्याचं कारण खरं तर दवाखान्यातलं होतं. पहिल्या रात्री मी गुंगीत असताना कुणीतरी मला न विचारता तिला पावडरचं दूध पाजलं. का, तर "तुम्हाला दूध आलं नाही." हे वाक्य डोक्यात रुतून बसतं. आलं नव्हतं कसं? चीक होता. पिवळा, घट्ट, थेंबथेंब. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला लागतो २ ते १० मिली, म्हणजे जास्तीत जास्त दोन लहान चमचे. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यातच ठासून भरलेली. गाय व्याली की शेजारी डबा घेऊन चीक मागायला जाणारी आपण माणसं. त्याचा खरवस मिटक्या मारत खातो, आणि बाईचा चीक मात्र "खराब दूध" म्हणून पिळून फेकायचा! आत्याबाईंच्या वेळी असंच करत, त्यांनीच सांगितलं.

सकाळच्या पाळीतल्या सिस्टरनं मग मला शिकवलं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळ मांडीवर नाही, काखेत घ्यायचं, पाय माझ्या पाठीकडे. नाक निप्पलच्या समोर. घाई करायची नाही; जांभई दिल्यासारखा मोठा 'आ' केला की बाळाला छातीकडे आणायचं, आपण बाळाकडे वाकायचं नाही. भोवतीचा काळा भाग तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला. मी चार वेळा चुकले. नुसतं टोक तोंडात गेलं की जी कळ जाते ती टाक्यांपेक्षा वाईट. पाचव्या वेळी दुखणं थांबलं आणि गिळण्याचा बारीक आवाज आला. तिसऱ्या दिवशी दूध भरलं, छाती दगड.

घरी येताना वजन २ किलो ९०० ग्रॅमवरून २ किलो ६८० वर आलेलं. हेही सासूबाईंच्या हातात आयतं कोलीत. पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ते भरून काढतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि रात्री तीनला रडणारं बाळ हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

शेवटी मी माझ्या धंद्यावर आले. मोजायला घेतलं. कालनिर्णयच्या चौकटीत ओल्या लंगोटांच्या रेघा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा तरी हव्यात. आमच्या सात झाल्या, लघवी फिकी. डांबरासारखी काळी शी जाऊन मोहरीसारखी पिवळी आलेली. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं म्हणतात, त्या उन्हात ती तेरा-चौदा वेळा मागायची, कधी पाचच मिनिटं. म्हणजे तहान ती स्वतःच भागवून घेत होती! आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. वरून पाणी पाजलं तर इवलंसं पोट त्यानंच भरतं, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी बनतं. शिवाय कोवळ्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झेपत नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. सहा महिने फक्त दूध, मग ते नागपूर असो की आणखी कुठलं.

दुधात कमी पडतं ते ड जीवनसत्त्व. त्याचे थेंब, दिवसाला ४०० युनिट. "सूर्य काय कमी हाये का नागपूरले?" आत्याबाई. मीही हसले, पण थेंब दिले.

आता गंमत बघा. याच घरात मला पाणी मोजून मिळत होतं. "बाळंतिणीनं घटाघटा पिऊ नये, पोट सुटतं." डिंकाचे लाडू दोन, अळिवाची खीर वाटीभर, पाणी अर्धा पेला, तेही बाळंतशेपेचं, कोमट. आणि बाळ ओढायला लागलं की माझ्या घशात अक्षरशः वाळू. जिला पाणी नको तिला आग्रह, जिला हवं तिला बंदी. एका रात्री दोनला मी चोरासारखी स्वयंपाकघरात माठाशी उभी राहून पीत होते, तर मागे सासूबाई. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेशी स्टुलावर तांब्या-भांडं, वर झाकण.

बोंडलंही कामी आलं. नवव्या दिवशी उजव्या बाजूला भेग पडली, तेव्हा दूध काढून, बोंडलं उकळून त्यातून पाजलं. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात, पण ते २५ अंशांपर्यंत. आमच्या कूलरच्या खोलीत नवतप्यात ३४ होतं. म्हणून लगेच पाजायचं, नाहीतर फ्रीज.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो ९६०.

आत्याबाईंचा फोन अजून येतो. "पाणी देऊन राहिली नं वं?"

"हो आत्याबाई, दर वेळेला तांब्याभर."

कुणाला, ते त्या विचारत नाहीत.