उष्टावणाचा व्हिडिओ

जुलैतल्या झडीच्या पावसात धायरीहून बसने तिघं आली होती. आई, आजी आणि साडेसहा महिन्यांचं बाळ. पर्वतीजवळच्या एका खोलीत मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. टोपडं सोडता सोडताच आजींनी सांगून टाकलं, "मॅडम, याला काही झालेलं नाही. डावखुरा आहे, आजोबांवर गेलाय. हिच्याच मनाला घोर लागलाय."

आई गप्प होती. मी नेहमीचं विचारत गेले. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मल्याबरोबर रडलं, दीड महिन्यात तोंडाकडे बघून हसलं, साडेतीन महिन्यांत मान धरली, पाचव्या महिन्यात पालथं पडलं. सगळं वेळेवर. त्याआधी एका दवाखान्यात "मुलगे जरा आळशीच असतात" असं ऐकून ती परत आली होती.

मग तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. मागच्या रविवारचं उष्टावण. बाळ मामाच्या मांडीवर, समोर पाटावर पेन, पुस्तक, अंगठी मांडलेली. पेन अगदी त्याच्या उजव्या हाताशी होतं. पण उजवा हात हललाच नाही. डावा हात पोटावरून पलीकडे गेला, त्याच्यामागून सगळं अंग उजवीकडे कलंडलं, आणि पेन डाव्या मुठीत आलं. मागे एकच गलका, "मास्तर होणार!" त्या गलक्यात उजवी मूठ तशीच मिटलेली, अंगठा आत.

"जवळचा हात सोडून लांबचा हात का, मॅडम?" तिनं विचारलं. तो व्हिडिओ तिनं रात्री कितीदा तरी पाहिला होता.

मी बाळाला सतरंजीवर ठेवलं आणि स्टीलची वाटी त्याच्या उजव्या बाजूला धरली. डावा हात आला. पुन्हा धरली, पुन्हा डावाच. मग त्याचा डावा हात हलकेच धरून ठेवला. तो वाटीकडे बघून कुरकुरला, उजवा खांदा उचलला, कोपर थोडं पुढे आलं, पण मूठ काही उघडली नाही. नॅपी बदलायला सांगितली, तेव्हा डावा पाय सायकल चालवल्यासारखा चालला आणि उजवा जरा ताठ राहिला. आई म्हणाली, "हा पाय घालताना नेहमीच वेळ लागतो." तिला हेही माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

पहिले दोन-तीन महिने बाळाच्या मुठी बऱ्याचदा मिटलेल्या असतात, त्यात काही वावगं नाही. पुढे त्या उघडतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ दोन्ही हातांनी वस्तू धरायला जातं, या हातातली त्या हातात घेतं. मूल उजवं की डावं, हे दुसऱ्या वर्षानंतर हळूहळू ठरत जातं. पहिल्या वर्षातच एक हात ठामपणे मागे राहत असेल, तर तो डावखुरेपणा नसतो, मागे राहिलेल्या हाताची तपासणी करायची असते. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी काळजीनं विचारतं, "शेजारचं बसायला लागलं, आमचं का नाही?" जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आधाराशिवाय बसण्याची वेळ साधारण चौथ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान येते, इतकी ती मोकळी आहे. या बाळानं तर एकही टप्पा चुकवला नव्हता. तक्त्यावरच्या सगळ्या खुणा बरोबर होत्या, आणि उजवा हात कुणी पाहिलाच नव्हता.

मी मेंदूविकारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहायला घेतली, तशा आजी खाली बसल्या. "न्हाऊ घालणाऱ्या मावशीनं हात ओढला का हो? मीच तिला जोरात चोळायला सांगायचे." मी त्यांचे हात हातात घेतले. म्हटलं, आजी, मालिशनं हे होत नाही. त्यावर आई पहिल्यांदा रडली. गरोदरपणी ग्रहणात बाहेर पडल्याचं कुणीतरी तिला ऐकवलं होतं. तिलाही तेच सांगितलं, यातलं काही तुमच्या हातून झालेलं नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा दिसली. जन्माच्या आसपास केव्हातरी तिथला रक्तपुरवठा थांबला असावा. शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल डावा मेंदू सांभाळतो, म्हणून हात आणि पाय दोन्ही मागे. इजा पुसता येत नाही. पण या वयात मेंदू नवे मार्ग फार लवकर शिकतो, आणि हात वापरला तरच शिकतो. म्हणून रोज अर्धा तास चांगल्या हाताला मऊ मोजा घालायचा आणि खेळ उजव्या हाताला द्यायचा, असं ठरलं.

पुढच्या खेपेला आजींनी पिशवीतून एक इवलीशी थैली काढली. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची, बिनअंगठ्याची, आत शिवण टोचू नये म्हणून उलटी शिवलेली. बाळानं ती दातांनी ओढायचा प्रयत्न केला, चिडलं, रडलं. आईचा जीव कासावीस होत होता, मी तिला थांब म्हटलं. आजींनी वाटी उजवीकडे सरकवली. बराच वेळ काही नाही. मग उजवी मूठ वाटीच्या काठावर आपटली आणि वाटी घरंगळली. बाळ रडायचं थांबलं. आजींनी वाटी पुन्हा जागेवर ठेवली. तिसऱ्या वेळी मुठीतून अंगठा बाहेर आला होता.