हाड जुळलं, पण सरळ जुळलं का?

घोटा मोडून वर्ष होत आलं, हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी चार पावलं टाकली की बसावंसं वाटतं, असं घरात कोणी असेल तर हे त्यांच्यासाठी लिहितेय.

माझी आई ठाण्यात नौपाड्यात राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावसाळ्यात जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन येताना तिचा पाय मुडपला आणि घोटा मोडला. प्लास्टर झालं, निघालं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी घोटा सुजायचा. दाखवायला गेलो की उत्तर ठरलेलं, “आजी, हाड जुळलंय. या वयात थोडं दुखणारच.” आईनं तेच धरून ठेवलं. माझं लक्ष तिच्या चपलांकडे जायचं. डाव्या चपलेच्या टाचेची आतली कड पार झिजलेली, उजवी धड. वय तर दोन्ही पायांचं सारखंच ना!

शेवटी पाय-घोट्याच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना दाखवलं. त्यांनी आधी आईला उभं करून दोन्ही घोट्यांचे एक्स-रे काढायला लावले. तोवरचे सगळे झोपवून काढलेले होते. अंगाचा भार पडला की घोटा कसा बसतो, ते झोपलेल्या पायात कळत नाही. मग दोन्ही पायांचा सीटी स्कॅन. चांगला पाय हेच माप.

दोन्ही फिल्म शेजारी लावल्यावर मलासुद्धा फरक दिसला. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड असतं, फिब्युला, ते आखूड होऊन बाहेर वळून जुळलं होतं. नडगी आणि फिब्युला मिळून खालच्या टॅलस हाडाला चिमट्यात धरल्यासारखं धरतात. आईचा टॅलस त्या पकडीतून बाहेरच्या बाजूला सरकला होता. सरकून सरकून किती, तर थोडे मिलिमीटर. पण रॅमसे आणि हॅमिल्टन या संशोधकांनी 1976 मध्ये प्रयोग करून दाखवलंय की टॅलस बाहेर फक्त 1 मिलिमीटर सरकला तरी सांध्यातला टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो. मग तोच भार एवढ्याशा जागेवर पडतो आणि कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, झिजत जाते.

ऑपरेशन म्हणजे जुळलेलं हाड पुन्हा कापायचं. फिब्युला ओढून लांब करायची, वळवून जागेवर आणायची, मधल्या फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा, प्लेट आणि स्क्रू लावायचे. घोट्याच्या आतल्या बाजूला साचलेले चिवट तंतूही काढावे लागले, नाहीतर टॅलसला परत यायला जागाच नव्हती. नंतर आई घोट्यापेक्षा कमरेबद्दलच जास्त कण्हायची, याची तयारी ठेवा.

सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की झिजलेली कूर्चा परत येत नाही. सांधा फार खराब झाला असेल तर या ऑपरेशनचा उपयोग नसतो, सांधा जाम करावा लागतो किंवा कृत्रिम बसवावा लागतो. म्हणून वेळ घालवणं मला पटत नाही. शुगर ताब्यात हवी. तंबाखू, सिगारेट असेल तर आधी बंद, हाड जुळायला त्यांचा फार अडथळा होतो.

पुढचे काही आठवडे पाय जमिनीला टेकवायचाच नव्हता. तीन मजले उतरायचे तर शेजारची दोन मुलं आईला खुर्चीत बसवून न्यायची. त्यांचे उपकार कसे फेडू! आता आई कठडा धरून एकटी खाली जाते. जास्त उभी राहिली तर सूज येते, पण रात्रीची ठणक गेली.

दुसरं मत घ्यायला जाताना जुन्यातले जुने एक्स-रे बरोबर न्या, हाड कधी सरकलं ते त्यावरून कळतं. आणि आमचा वॉकर आता मोकळा आहे. ठाण्यात कोणाला हवा असेल तर खाली लिहा, मी आणून देईन.