चौतिसावा माणूस

दुपारी तीनच्या सुमारास काकू लॉबीत आल्या. "अगं, हे तुमच्याबरोबरच जेवले ना? केबिनमध्ये आलेच नाहीत." मी तशीच गँगवेकडे, म्हणजे जहाजात चढायच्या-उतरायच्या शिडीकडे, धावले. उतरताना आणि चढताना प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावतात, त्यामुळे किनाऱ्यावर कोण राहिलंय हे जहाजाला कळतं. अधिकाऱ्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या चौतीस जणांपैकी एक बाहेर होता: बडोद्याच्या दांडिया बाजारातले काका, वय ७८. सकाळी पावणेदहाला कार्ड लावून उतरले होते, परतीची नोंद नव्हती. सगळ्यांनी जहाजावर यायची वेळ साडेचारची होती, पाचला जहाज सुटणार होतं. मला तीन वाजून दहा मिनिटांनी हे कळलं.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसातर्फे मी अकरा वर्षं सहली नेते. ही गोष्ट डिसेंबर २०२३ची. बडोद्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून जहाज, एक दिवस नुसता समुद्र आणि मग कोची. पुढचा थांबा लक्षद्वीप होता, आणि खरी धास्ती त्याची होती. तिथं परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे कोचीत मागं राहिलेला माणूस पुढच्या बंदरावर जहाज गाठेल, ही आशा नव्हती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काकू एकट्या कधी प्रवासाला निघाल्या नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये मी डोकी मोजली होती आणि जहाजावरच राहिलेल्या काकू सोडून तेहतीस भरली होती. परतल्यावर कळलं, दुसऱ्या गटातल्या एक बाई घाईत आमच्या बसमध्ये चढून मागच्या सीटवर झोपल्या होत्या. मी चेहरे पाहिले नाहीत, आकडा पाहिला. ती चूक माझी होती.

जहाजातून उतरणारी माणसं शहरात कशी पसरतात, हे मी आता बारकाईनं पाहते. जहाज विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागतं. हे बेट मुळी बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचं आहे. बंदराचे इंग्रज इंजिनियर रॉबर्ट ब्रिस्टो यांनी समुद्राच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध कापून वाट मोकळी केली आणि १९२८ मध्ये मुंबईकडून आलेलं 'पद्मा' हे जहाज त्या नव्या वाटेनं आत शिरलं. गाव मात्र पाण्यापलीकडे. म्हणून हजारावर माणसं एकाच फाटकातून बाहेर पडतात. आधी आमच्यासारख्या गटांच्या बसेस, छातीवर नंबराचे स्टिकर लावलेली माणसं. मग रिक्षा, टॅक्सी ठरवणारी जोडपी. मग जहाजावरचे कर्मचारी; त्यांना चर्च बघायचं नसतं, घरी निवांत फोन करायचा असतो, साबण-शाम्पू घ्यायचा असतो. आणि काही जण उतरतच नाहीत. काकू गुडघ्यांमुळे वरच राहिल्या होत्या.

एवढी माणसं बाहेर पडतात, पण पसरत नाहीत. साडेदहाच्या सुमारास सगळे मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी असतात. तिथून सेंट फ्रान्सिस चर्च, जिथं १५२४ मध्ये वास्को द गामाला पुरलं होतं. पुढं १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मग १५६८ चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि त्यासमोरची ज्यू टाऊनची अरुंद गल्ली. त्या गल्लीत बाराच्या सुमारास खांद्याला खांदा लागतो. एक वाजला की सगळे परत, कारण जेवणाचे पैसे जहाजात आधीच भरलेले असतात. फोर्ट कोची ते मट्टनचेरी पाण्याच्या कडेनं जाणारा बाजार रोड, तांदूळ-मसाल्याच्या जुन्या गोदामांचा, आम्ही बसच्या खिडकीतूनही दाखवत नव्हतो.

काकांचा फोन केबिनमध्येच चार्जिंगला लावलेला होता. मी काकूंना विचारलं, काका सकाळी काही बोलले होते का? त्या जराशा थांबल्या. "काल रात्री म्हणत होते, उद्या पत्त्यावर जाऊन येतो. मला वाटलं झोपेत बोलताहेत."

"कुठल्या पत्त्यावर?"

"मट्टनचेरीच्या. गुजराती रोड."

काका बडोद्याच्या मांडवीतल्या एका मसाल्याच्या पेढीवर अडतीस वर्षं जमाखर्च लिहीत होते. काळी मिरी, सुंठ, वेलदोडे इथून बडोद्याला यायचे. हुंडी आणि पावती याच पत्त्यावर काका पाठवायचे, गुजरातीत, स्वतःच्या हातानं. तो रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी फाटकाबाहेर रिक्षा केली. तोप्पुंपडीच्या पुलावर वाहनं तुंबली होती. चालकाला माझं हिंदी कळत नव्हतं, पण 'गुजराती रोड' म्हणताच त्यानं मान डोलावली. मट्टनचेरीत कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. तिथं जैन मंदिर आहे आणि त्याच्यासमोर कबुतरं उतरतात. मी दुकानादुकानांत गुजरातीत विचारत निघाले: उंच, पांढरी टोपी, हातात काठी. तिसऱ्या दुकानात एक बाई म्हणाली, "दादा? ते तर तिकडे बसलेत."

एका बंद गोदामाच्या पायरीवर काका बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते आणि मधोमध स्टीलच्या थाळीत ढोकळ्याचे तुकडे. ती पेढी बंद होऊन वर्षं झाली होती. हे गृहस्थ समोरच्या दुकानातले. पेढीच्या मालकाला ते ओळखत होते, आणि काकांचं अक्षरही. "बरोडावाळा साहेबांचे अक्षर," असं म्हणून तिथले कारकून ते पत्र एकमेकांना दाखवायचे, हे त्यांनी काकांना सांगितलं होतं. काकांचे डोळे अजून ओले होते.

घाबरलेल्या जिवानं मी ओरडलेच. "काका, चार वाजायला आले!"

ते उठले आणि काठी सावरत म्हणाले, "पोरी, तुला सांगितलं असतं तर तू सोडलं नसतंस."

खरं होतं. मी नसतं सोडलं.

परतीला पूल आणखी तुंबला. रिक्षावाल्यानं एका गल्लीतून काढलं, तरी धक्क्यावर पोचायला चार वाजून बावीस मिनिटं झाली. काकू गँगवेच्या टोकाशी रेलिंगला धरून उभ्या होत्या. काका काही न बोलता कागदाची पुडी त्यांच्या हातात देऊन बाजूनं पुढं गेले. काकूंनी उघडून पाहिली, आत मूठभर काळी मिरी होती. त्या तिथंच नाकाशी धरून उभ्या राहिल्या. मागं कार्डाचा आवाज झाला आणि स्क्रीनवर चौतीस लागले.

त्यानंतरच्या सहलींना मी ज्यू टाऊननंतर बस रिकामी जाऊ देते. ज्यांना जायचंय त्यांनी चार-चार जणांच्या गटानं बाजार रोडनं चालत यायचं. एकाच्या खिशात चालू फोन असलाच पाहिजे, आणि अडीचला जैन मंदिरापाशी मी उभी असते. चेहरे बघते. आणि रावपुऱ्यातल्या ऑफिसात बुकिंगचा अर्ज भरताना आता एक ओळ जास्त असते: 'वाटेतल्या कुठल्या बंदरात तुमच्या ओळखीचा एखादा पत्ता आहे का?' मागच्या खेपेला पाच जणांनी ती भरली. एका आजींनी गोव्यातल्या एका घराचा नंबर लिहिला होता, आणि खाली कंसात: माझं माहेर.