मुलं सांगतात तेवढंच कळतं

"आज काय झालं शाळेत?" "काही नाही." "असं कसं काही नाही?" "आई, प्लीज." आणि खोलीचं दार लागतं. आठवी ते बारावीतली मुलं असलेल्या घरांत हा संवाद रोजचाच. त्यानंतर बरेचसे आईबाप एकाच वाटेला लागतात: क्लासच्या सरांना फोन, मैत्रिणीच्या आईला मेसेज, आणि मूल झोपलं की त्याचा मोबाइल उघडून बघणं.

या वाटेने फारसं हाती लागत नाही. हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली एक निष्कर्ष मांडला. तोवर असा समज होता की जे पालक लक्ष ठेवतात, त्यांची मुलं भरकटत नाहीत. स्टॅटिन आणि कर यांनी विचारलं, की ज्या पालकांना मुलांबद्दल पुष्कळ माहिती असते त्यांना ती मिळते कुठून? उत्तर आलं: मुख्यतः मुलांनी आपणहून सांगण्यातून. खोदून विचारणं आणि बंधनं घालणं यांतून त्या मानाने फार कमी. म्हणून माझं ठाम मत असं आहे, की या वयातल्या मुलासाठी घरात कोणताही नियम करताना आधी एवढंच तपासावं: यानंतर ते आपल्याशी जास्त बोलेल की कमी?

सुरुवात घरी येण्याच्या वेळेपासून करा. सकाळी सातची शाळा, दुपारी जेवण, मग क्लास, आणि संध्याकाळी साडेसात-आठला दारात बूट. त्या वेळी मुलाला भूक लागलेली असते आणि डोकं भरलेलं असतं. पहिली वीस मिनिटं एकही प्रश्न विचारू नका. पोहे, थालीपीठ, तूप-गूळ-पोळी, जे असेल ते समोर ठेवा आणि आपलं काम करत राहा. प्रश्न विचारायचाच तर नेमका विचारा. "कसा गेला दिवस?" याला "ठीक" याखेरीज उत्तर नाही. "केमिस्ट्रीच्या नव्या मॅडमचा वेग झेपतोय का सगळ्यांना?" याला उत्तर आहे, शिवाय ते स्वतःबद्दल न बोलता देता येतं. मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी असताना बोलतात. स्कूटरवर मागे बसून, मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. डोळ्यांत डोळे घालून बोलायला बसवलं की त्यांना ती उलटतपासणी वाटते. आणि रात्री साडेदहाला ओट्यापाशी येऊन मूल काही बोलू लागलं, तर "आत्ता नको, झोप" म्हणू नका. दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं ते खरं बोलणार असतं.

सगळ्यात नाजूक क्षण येतो तो मुलाने काही वाईट सांगितल्यावर. समजा, मुलगी म्हणाली, "आई, मी मंगळवारी क्लासला गेलेच नाही. आम्ही मॉलमध्ये होतो." पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय बोलता, यावर पुढच्या वर्षभरात ती काय काय सांगेल हे अवलंबून आहे. "म्हणजे आम्ही फिया भरायच्या आणि तू..." इथे बोलणं संपलं. त्याऐवजी आधी श्वास घ्या. मग एवढंच म्हणा, "सांगितलंस हे बरं केलंस." मग विचारा, "असं का वाटलं त्या दिवशी?" आणि निर्णय उद्यावर ढकला: "याचं काय करायचं ते उद्या संध्याकाळी बसून ठरवू." दुसऱ्या दिवशी खरंच बसा. बुडालेला धडा भरून काढायचा, पुढचे दोन शनिवार बाहेर जायचं नाही, असं काही ठरेल. ते ठरायलाच हवं. मात्र आपणहून सांगितलेल्या चुकीची शिक्षा ही पकडल्या गेलेल्या चुकीपेक्षा स्पष्टपणे हलकी असावी, आणि ती का हलकी आहे हे मुलीला तोंडी सांगावं. दोन्हीची शिक्षा सारखीच असेल, तर सांगण्यात मुलांना काही फायदा दिसत नाही. त्यांचा हिशोब अगदी बरोबर असतो.

याच ठिकाणी एक गळती असते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुलीने आईला सांगितलं, आईने फोनवर मावशीला सांगितलं, आणि रविवारी मावशी हसत म्हणाली, "काय गं, मॉलमध्ये फिरतेस म्हणे!" मावशीच्या मनात काही नसतं. मुलीच्या लेखी मात्र आईला सांगणं म्हणजे फॅमिली ग्रुपवर टाकणं होतं. मुलं बोलायची थांबतात त्याचं हे फार मोठं कारण आहे, रागावण्यापेक्षाही मोठं. बाबांना सांगायचं असेल तरी आधी मुलीला विचारा: "हे बाबांना तू सांगतेस की मी सांगू?" न सांगणं हा पर्याय नाही, पण कोणी आणि कसं सांगायचं हे तिने ठरवावं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे कळायचं असेल तर एका प्रसंगाचा विचार करा. ऑनलाइन ओळख, गोड बोलणं, एक खासगी फोटो, आणि मग धमकी: "पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो." हा धंदा सबंध एकाच भीतीवर चालतो, ती म्हणजे "घरी कळलं तर". घरी सांगता येतं ही खात्री ज्या मुलाला आहे, त्याच्यापुढे धमकी देणाऱ्याचा जोर बराच ओसरतो. असं काही कानावर आलं तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट आणि खात्याची लिंक जपून ठेवा, मग त्या खात्याची तक्रार करून त्याला ब्लॉक करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. "फोटो पाठवलासच कशाला" हा प्रश्न महिनाभर तरी विचारायचा नाही.

आता मोबाइल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांतल्या भांडणांचं अनेक वर्षं निरीक्षण करून दाखवलं, की कटकट दोन्ही बाजूंना चुकीचा धडा शिकवते. आई सात वेळा म्हणते, "ठेव तो फोन." आठव्यांदा ओरडते, तेव्हा फोन खाली जातो. मुलगा शिकतो की पहिल्या सात वेळा ऐकायची गरज नाही. आई शिकते की ओरडल्याशिवाय होत नाही. कधी मुलगाच आधी आवाज चढवतो आणि आई "कर काय करायचं ते" म्हणून निघून जाते. मग तो शिकतो की आवाज चढवला की सुटका होते. दर आठवड्याला आवाजाची पट्टी वर जाते ती यामुळे. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो: नियम शांत वेळी ठरवायचा, एकदा आठवण करायची, आणि मग ठरलेला परिणाम न चिडता अमलात आणायचा.

मोबाइलचा करार रविवारी सकाळी नाश्त्यानंतर करा, भांडणानंतर कधीच नाही. वहीच्या एका पानावर मावेल एवढाच असू द्या. फोन रात्री दहाला बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, आणि आई-बाबांचेही तिथेच. हा दुसरा भाग नसेल तर करार पंधरा दिवसांत मोडतो. सगळ्यांचे फोन बाहेर जाणार म्हणून शंभर-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आधी आणा; नाहीतर "अलार्म लावायचाय" या कारणाने फोन परत उशाशी येतो. अभ्यासाचे पीडीएफ आणि क्लासचे मेसेज दहाच्या आत उतरवून घ्यायचे. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी फोन एक तास आधी जमा, एवढंच. "महिनाभर फोन बंद" अशी शिक्षा देऊ नका, कारण क्लासचा ग्रुप त्यातच असतो आणि तिसऱ्या दिवशी तुम्हालाच माघार घ्यावी लागते. सहा आठवड्यांनी करार परत वाचायचा आणि मुलाची निदान एक मागणी मान्य करायची. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठीची वेगळी खाती आणली. त्यांत रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन थांबतात आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना मुलाने जन्मसाल चुकीचं टाकलेलं असेल तर यातलं काहीच हमखास लागू होत नाही. ते आधी एकत्र बसून तपासा. चोरून चॅट वाचणं मात्र सोडा. जे वाचलं ते विचारता येत नाही, आणि विचारलं की मूल दुसरं खातं काढतं.

झोपेचा वाद आळसाच्या खात्यावर टाकू नका. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीरात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा तयार होऊ लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी लवकर झोप लागत नाही. महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं ठरलं, पण मोठ्या मुलांचे वर्ग अजून कितीतरी ठिकाणी सातलाच भरतात. सहाला उठायचं तर दहाला झोप लागायला हवी, आणि क्लास साडेआठला सुटत असेल तर हे गणित बसत नाही. मग क्लासची बॅच बदलता येते का ते बघा. रविवारी दोन तास जास्त झोपू द्या, पण बारापर्यंत नको. फार उशिरा उठलं की रात्री पुन्हा झोप येत नाही आणि सोमवार बिघडतो.

मार्कांवरून होणारं बोलणं निकालाच्या दिवशी करूच नका. त्या दिवशी आकडा ऐका आणि जेवायला वाढा. दोन दिवसांनी उत्तरपत्रिका मागा आणि मुलाच्याच हातात पेन्सिल द्या. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे त्याने तीनपैकी एक खूण करायची: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. दहावीचा गणित भाग १ चा पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा असतो. त्यात २६ मिळाले, तर गेलेले १४ कुठे गेले हे या खुणांनी वीस मिनिटांत दिसतं. "येत नव्हतं" असेल तर धडा शिकायचा, "चुकलं" असेल तर पायऱ्या लिहायची सवय लावायची, "वेळ" असेल तर घड्याळ लावून पेपर सोडवायचे. या तिन्हींना "अभ्यास वाढव" हे एकच औषध दिलं, तर निदान दोन ठिकाणी ते लागू पडत नाही. शेजारच्या मुलाचे मार्क या बैठकीत आणायचे नाहीत. दहावीला सहा विषयांपैकी उत्तम पाच धरून टक्केवारी निघते, हेही नीट समजावून सांगा. एका विषयाच्या धास्तीने पोखरलेली मुलं त्याने सावरतात.

पैशांचं सोपं आहे: आठवड्याची ठरलेली रक्कम, ठरलेल्या वारी, आणि संपली तर मध्ये उसनी नाही. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः वापरायचं बचत खातं बँक आपल्या नियमांनुसार देऊ शकते. ते उघडून द्या.

गाडीच्या बाबतीत मात्र अजिबात सूट नको. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो आणि घरातली स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय "कोपऱ्यावरच तर जायचंय" म्हणून किल्ली देणाऱ्या बाबांनी दुसऱ्या दिवशी नियम पाळण्यावर बोललं, तर मूल गप्प ऐकून घेतं आणि मनात नोंद करतं. क्लास लांब असेल तर सायकल, बस किंवा २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बिनपरवान्याची इलेक्ट्रिक दुचाकी आहे. हेल्मेट तिथेही हवंच.

आजी-आजोबा घरात असतील तर करार त्यांनाही वाचून दाखवा. नाहीतर दहा वाजता जमा झालेला फोन साडेदहाला आजीच्या खोलीत सापडतो, आणि चूक आजीची नसते, तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि काही गोष्टी करारात बसत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल नीट जेवत नाही, झोपेची घडी पार विस्कटली आहे, आवडीचा खेळ किंवा मित्र सोडून दिले आहेत, हातावर कापल्याच्या खुणा दिसतात, "मी नसलो तर बरं" असं बोलून जातं, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. "तू जीव देण्याचा विचार करतोयस का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात येतो हा गैरसमज आहे. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच टाका आणि सांगा, "मला सांगावंसं नाही वाटलं, तर इथे सांग."