कॅपिटॉलची टूर आणि शपथविधीची जागा : माझा अनुभव

आईबाबा इकडे अमेरिकेत आले तेव्हा बाबांचं एकच म्हणणं होतं, वॉशिंग्टनमध्ये बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल पण टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष शपथ घेताना दिसतो ती जागा बघायचीच. ती आहे कॅपिटॉलला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीला. मंत्रालयात नोकरी केलेला माणूस, सरकारी इमारतींचं भारी प्रेम. कोणाला आईवडिलांना न्यायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

टूर फुकट असते. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला रिक्वेस्ट टाकता येते, मग त्यांचा स्टाफ फिरवतो, आम्ही टाकली पण उत्तरच येईना, शेवटी व्हिजिटर सेंटरच्या साइटवरून स्लॉट घेतला. चेरी ब्लॉसमच्या दिवसांत लवकर बुक करा, आणि रविवारी टूर नसते. सिक्युरिटीत खाण्याचं काही चालत नाही, भरलेली पाण्याची बाटलीही नाही. आईने पहाटे उठून केलेले मेथीचे पराठे आम्ही दाराबाहेर उभ्याउभ्या संपवले, लोणच्यासकट. आत गेल्यावर व्हीलचेअर मागितली तर मिळते, बाबांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही घेतली, फार बरं झालं.

आधी छोटी फिल्म, मग हेडफोन लावून गाइडच्या मागे. रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात शिरलो आणि बाबा बोलायचेच थांबले. 96 फूट रुंद, वर 180 फुटांवर ब्रुमिडी या चित्रकाराने रंगवलेलं छत, मान दुखेपर्यंत बघत बसले. घुमट बिडाचा आहे हे कळल्यावर तर त्यांना पटेचना. 1861 मध्ये लिंकनने पहिली शपथ घेतली तेव्हा हाच घुमट अर्धवट होता. एरवी शपथविधी बाहेर होतो, पण 1985 ला रेगनच्या वेळी इतकी थंडी पडली की सोहळा आत रोटुंडात घेतला, आणि 2025 ला ट्रम्पचाही थंडीमुळेच आत झाला. म्हणजे आम्ही उभे होतो तिथेच की!

पुढे पुतळ्यांचा स्टॅच्युअरी हॉल, हे पूर्वीचं प्रतिनिधीगृह. राष्ट्राध्यक्ष मन्रोची 1821 ची दुसरी शपथ आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सची 1825 ची, दोन्ही इथल्या. हल्ली शपथविधीनंतरचं जेवणही बहुतेकदा इथेच असतं. इथे घाई करू नका, ग्रुप पुढे सरकतो आणि बघायचं राहून जातं.

आता मुख्य मुद्दा. टीव्हीवरची जागा टूरमध्ये येतच नाही! ती इमारतीच्या पश्चिमेला, बाहेर आहे, आणि व्हिजिटर सेंटरचा दरवाजा पूर्वेला. पूर्वी शपथविधीही बहुतेक पूर्वेलाच व्हायचे, 1981 ला रेगनपासून पश्चिमेला आले. तिथला मोठा मंच दर वेळी नव्याने बांधतात आणि नंतर काढून टाकतात, त्यामुळे एरवी गेलात तर नुसत्या पायऱ्या, गच्च्या आणि समोर लांबच लांब मॉल (दुकानांचा नव्हे, मोकळ्या हिरवळीचा पट्टा) दिसतो, पार वॉशिंग्टन स्मारकापर्यंत. बाबांना हे आधीच सांगून ठेवलं होतं तरी ते बराच वेळ उभे राहून, राष्ट्राध्यक्ष कुठे उभा राहत असेल, सरन्यायाधीश कुठे, गर्दी कुठवर, असं सगळं हाताने दाखवत होते.

या बाजूला जायला तिकीट लागत नाही, पण उतार आहे आणि आतली व्हीलचेअर परत करावी लागते, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर आधी पश्चिम बाजू बघा, मग टूर घ्या.