चोगोरियाच्या कुंपणावरचा तीन शिंगांचा सरडा

माउंट केनियाला गेलो होतो शिखर बघायला, पण ढगांनी दोन दिवस काही दिसूच दिलं नाही, मग चोगोरियाच्या गेस्ट हाऊसमध्ये बसून चहा ढोसणे एवढाच कार्यक्रम उरला (आजूबाजूला चहाचेच मळे, त्यामुळे चहा मात्र फर्स्टक्लास). रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन सहज चक्कर मारत होतो तर कुंपणाच्या झुडपात, फांदीच्या अगदी टोकाला काहीतरी फिकट पोपटी चमकलं. जवळ जाऊन बघतो तर तीन शिंगं! एक नाकावर, दोन डोळ्यांवर.

जॅक्सनचा शॅमेलिऑन. झोपला की रंग फिका पडतो, म्हणून टॉर्चमध्ये लगेच सापडतो, दिवसा याच झुडपासमोरून चारदा गेलो होतो तरी दिसला नव्हता. ड्रायव्हरला हाक मारली तर गडी ‘किन्योंगा!’ (स्वाहिलीत शॅमेलिऑन) म्हणून दहा पावलं मागे, सिंहाच्या शेजारी बिनधास्त गाडी लावणारा माणूस हो! तिकडे बऱ्याच लोकांना हा अपशकुनी वाटतो.

शिंगं नराची. दोन नर समोरासमोर आले की शिंगात शिंग अडकवून एकमेकांना फांदीवरून ढकलायला बघतात. या डोंगराच्या बाजूला माद्यांना शिंगं नसतातच म्हणे, काही ठिकाणी एखादं असतं.

पण मला भारी वाटलं ते वेगळंच. आपल्याकडचा घोयरा सरडा जमिनीत खड्डा करून अंडी घालतो, इथे रात्री मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो, अशा गार मातीत अंडी कशी उबणार? म्हणून मादी ती पाच-सहा महिने पोटातच वागवते आणि दिवसा उन्हात बसून स्वतःला शेकते, म्हणजे आतली पिल्लंही आपोआप शेकली जातात. मग एकेक पिल्लू पातळ चिकट पिशवीतून बाहेर येतं, आठ-दहापासून तीसेकपर्यंत, आणि पिशवी फाटली की लगेच आपापल्या वाटेला, आई ढुंकूनही बघत नाही.

आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना? 1972 मध्ये पाळायला म्हणून हवाईला नेलेले हेच सरडे तिथल्या बागेत सोडले गेले, आता त्या बेटांवर मोकाट फिरतात न तिथल्या गोगलगायी फस्त करतात.

सकाळी परत गेलो, फांदी रिकामी. ड्रायव्हर गाडी झटकून घेत होता, सीटखालीसुद्धा बघून घेतलं त्याने.