टेनिस बॉलच्या ओव्हर कुणी मोजल्याच नव्हत्या

मी जळगावात फिजिओथेरपी करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक म्हणजे गुडघेवाले, खांदा धरलेले, नाहीतर केळीचे घड उचलून कंबर गेलेले लोक, फास्ट बॉलर क्वचितच. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीची ही केस अजून डोक्यातून जात नाही.

पारोळ्याकडचा अठरा वर्षांचा पोरगा, उंच, राइट आर्म फास्ट. सोबत त्याचे कोच. सर सरळ म्हणाले, परवा पुण्याला अंडर नाइन्टीनची ट्रायल आहे, मसल खेचलाय, एक्सरे क्लीन आहे, टेपिंग करून द्या आणि परवाचा दिवस निघेल असं बघा. त्यांची घाई मला समजत होती. आपल्या खान्देशातल्या पोराला रणजीपर्यंत जायचं तर महाराष्ट्राकडूनच, आणि महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि विदर्भ सोडून बाकी सगळं, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सगळ्यांची पोरं त्याच एका टीमसाठी झगडतात. ट्रायलचं बोलावणं येणं हीच मोठी गोष्ट.

मी त्याला उजव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं, काही नाही. डाव्या पायावर वाकला आणि चेहराच बदलला. राइट आर्म फास्ट बॉलरचं डावीकडे, कमरेच्या खालच्या भागात असं एका बोटाने दाखवता येईल इतकं नेमकं दुखत असेल तर ते मसल समजून सोडून देता येत नाही. बॉल सोडताना पुढचा पाय आपटतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त जोर जमिनीकडून वर येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे, डावीकडे वाकून पिळलेली असते. सगळा ताण मणक्याच्या मागच्या एका बारीक हाडावर. तार परत परत वाकवली की तुटते तसं ते हाड आधी सुजतं, मग चिरतं. सुरुवातीला एक्सरेत हे बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आणि या वयात तिथलं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं.

मी विचारलं, आठवड्याला किती ओव्हर? सरांनी डायरी काढली, नीट लिहिलेली, नेट आणि मॅच धरून वीसच्या आसपास. एवढ्याने असं व्हायला नको होतं. मग पोराला विचारलं, अजून कुठे टाकतोस का? तो आधी सरांकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "दादा, टेनिस बी खेयस मी, पन ते कोन मोजस?"

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दिवसा मैदानावर उभं राहवत नाही, म्हणून गावोगावी लाइटखाली टेनिस बॉलच्या टूर्नामेंट. फास्ट बॉलरला बाहेरच्या टीम पैसे देऊन नेतात. मॅचला दोनच ओव्हर, पण एका रात्रीत तीन-चार मॅच, मधे तासभर थंड अंगाने बसायचं आणि परत पहिल्या बॉलपासून पूर्ण ताकद लावायची, कारण हलक्या बॉलला पेस द्यायची तर सगळा जोर अंगातूनच काढावा लागतो. त्याच्या मोबाइलमध्ये स्कोअरिंगच्या अॅपवर सगळे स्कोअरकार्ड होते. आम्ही तिघांनी बसून बेरीज केली. तीन आठवड्यांच्या बेरजेत सरांच्या डायरीच्या दुपटीहून जास्त ओव्हर निघाल्या. सर कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. पोराला रागावले पण नाहीत, कारण त्याच पैशातून त्याने स्पाइक्स घेतले होते हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी एमआरआय केला. डावीकडे स्ट्रेस फ्रॅक्चर, पूर्ण आरपार नाही. त्यावर सर म्हणाले, इंजेक्शन घेऊन एक दिवस खेळू द्या. मी आणि ऑर्थोचे डॉक्टर दोघंही नाही म्हणालो. अर्धवट चीर आराम दिला तर भरून येऊ शकते, तीच आरपार गेली की भरणं खूप कठीण. पोरगा फक्त एवढंच म्हणाला, "मंग मी आते काय करू?" याचं उत्तर देणं मला त्या रिपोर्टपेक्षा जड गेलं. मी त्याला ऑस्ट्रेलियाचा जुना फास्ट बॉलर डेनिस लिलीचं सांगितलं, १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्याच्या पाठीत असेच फ्रॅक्चर निघाले, डॉक्टरांनी प्लास्टरमध्ये ठेवलं, आणि तो परत येऊन ३५५ टेस्ट विकेटवर थांबला. आणि आपला बुमराह, २०१९ ला स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२३ ला पाठीचं ऑपरेशन, तरी आला ना परत! लिलीचं नाव त्याने ऐकलेलंच नव्हतं, बुमराह म्हटल्यावर जरा मान वर केली.

ट्रायलला तो गेला नाही. चार महिने बॉलिंग बंद, नुसते पोटाचे, मांडीचे, कमरेचे व्यायाम, मग जागेवरून, मग अर्ध्या रनअपने. बॉल टाकताना त्याची कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला जायचे, ते सरांनी मोबाइलवर शूटिंग करून करून सुधारलं, हे काम माझ्या हातून झालं नसतं. डायरीत टेनिसचा वेगळा रकाना आला. रात्रीच्या मॅच पूर्ण बंद झाल्या नाहीत, पण आता जास्तीत जास्त एका रात्री दोन, आणि दुसऱ्या दिवशी नेट नाही.

आता तो जिल्ह्याकडून दोन दिवसांच्या मॅच खेळतो, दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या स्पेललाही पेस टिकतो, मी स्वतः जाऊन बघितलंय. राज्याच्या टीममध्ये अजून नाव आलेलं नाही. अंडर नाइन्टीनचं वय निघून गेलं, आता अंडर ट्वेंटी थ्री. सर अजूनही म्हणतात, त्या वर्षी गेला असता तर घेतलंच असतं. मला ते खोटं वाटत नाही, तेव्हा तो आतापेक्षा थोडा जास्तच फास्ट होता.